बसली म्हणजे बसली

आमच्या वहिनीला माणसांशी गोड बोलता येत नाही. नणंद आहे म्हणून मी तिच्या नावाने खडे फोडतेय असं समजू नका, गल्लीत कोणालाही विचारा. दारात आलेल्या पाहुण्याला ती "बसा" म्हणते ते अशा आवाजात, की पाहुणा खुर्चीच्या कडेवर टेकतो आणि जीभ भाजली तरी चहा संपवून निघतो. दादाने तिच्याशी लग्न केलं तेव्हा मी आठवडाभर तोंड फुगवून बसले होते. एका घरात दोन तिखट बायका कशा राहणार, ही माझी काळजी होती. राहिलो. कारण भांडण झालं की ती तिथल्या तिथे भांडते आणि नंतर मनात काही ठेवत नाही. ठेवायचं काम माझ्याकडे आहे.

पण कुत्र्यासमोर बसली की हीच बाई लोण्यासारखी मऊ व्हायची. आमच्या बंदरावरच्या मालगोदामात ती भिंगरी नावाच्या कस्टमच्या कुत्रीचा पट्टा धरायची. बाहेरून आलेल्या खोक्यांत कोणी नशेची पावडर लपवली असेल, तर ती हुंगून काढायचं काम भिंगरीचं आणि भिंगरीला काय म्हणायचंय ते समजून घ्यायचं काम वहिनीचं. सुरुवातीला वहिनी कुत्र्यांच्या खोल्या धुवायला लागली होती. तिथल्या जुन्या उस्तादाच्या लक्षात आलं, की ही झाडू घेऊन आली की सगळी कुत्री गप्प होतात. त्याने झाडू काढून हातात पट्टा दिला. घरीसुद्धा तिची सवय जाईना. दादाने बाजारातून पिशवी आणली की पाठीवर थाप मारून "शाब्बास" म्हणायची, आणि आमचा दादा इतका भोळा, की खरंच खूश व्हायचा.

मी त्याच गोदामात आवक नोंदवणारी कारकून. माझी काचेची खोली शटरला लागून आहे. त्यामुळे गोदामात जे घडलं ते मला कोणी सांगितलेलं नाही, मी ते स्वतः पाहिलेलं आहे. ज्याला खोटं वाटेल त्याने माझ्यासमोर येऊन बोलावं.

भिंगरीची पद्धत साधी. ती भुंकत नसे, ओरबाडत नसे. खोक्यांच्या रांगेतून नाक लावत जायची आणि वास आला की त्या खोक्यासमोर खाली बसायची. बसली, की वहिनी कमरेला खोचलेला गुंडाळलेला टॉवेल काढायची, तिच्यापुढे फेकायची, आणि मग दोघींची ओढाओढ चालायची. टॉवेल हे तिचं बक्षीस. पावडर, गुन्हा, कायदा यातलं भिंगरीला काही कळत नव्हतं. खरं सांगितलं की टॉवेल मिळतो, एवढं कळत होतं. आणि गोदामाचा नियम असा, की टॉवेल निघाला की मुकादमाने शटर पाडायचं, हमालांनी हातातला माल खाली ठेवायचा, आणि मुकादम आणि कारकून, म्हणजे मी, यांच्यासमोर खोका उघडायचा. हा नियम इतका अंगवळणी पडला होता, की कोणी हुकूम देत नसे. टॉवेल दिसला की मुकादमाचा हात आपोआप शटरच्या साखळीकडे जायचा.

एके दिवशी दुपारी मोठे साहेब एका माणसाला घेऊन आले. बूट चकचकीत, छातीवर बिल्ला नाही, नाव सांगितलं नाही. साहेबांनी त्याला स्वतःची खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. आमचा मुकादम मिश्कील, हळूच म्हणाला, सरकारचे जावई आलेले दिसतात. झालं, त्या माणसाचं नाव जावईबापू पडलं. तो गुप्त खात्याचा होता हे आम्हाला पुढे कळलं.

त्याच दिवशी शिलाई मशीनच्या लाकडी पेट्या आल्या होत्या. भिंगरी त्यांच्यासमोर बसली. वहिनीचा हात कमरेकडे गेला तेवढ्यात साहेब धावत आले, तिला थांबवलं आणि खोलीत घेऊन गेले. संध्याकाळी भांडी घासता घासता वहिनीने मला सांगितलं. या पेट्यांचा शेठ पावडर आणतो हे सरकारला ठाऊक आहे. पण हाच शेठ जावईबापूंना हत्यारं आणणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या देतो. म्हणून त्याच्या मालाला हात लावायचा नाही. कागदावर मात्र "कुत्री फिरवली, काही आढळले नाही" असा शिक्का हवा, नाहीतर पुढची कचेरी प्रश्न विचारते. तेव्हा कुत्री फिरवायची, बसली तर पट्टा ओढून पुढे न्यायची आणि तोंडात मिठाची गुळणी धरायची. देशाचं काम आहे, असं साहेबांनी सांगितलं होतं.

देशाचं काम म्हटल्यावर वहिनी काय बोलणार? ऐकलं तिने. पेट्या येत राहिल्या. हमाल त्यांना "जावयाचा माल" म्हणायचे, कारण त्या अलगद उतरवा, लवकर सोडा, असे निरोप यायचे. आत काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. भिंगरी बसायची, वहिनी पट्टा ओढून "चल" म्हणायची. भिंगरी चार पावलं जाऊन मागे वळून बघायची. पुन्हा खोक्याकडे, पुन्हा वहिनीकडे. मला काचेतून ते बघवायचं नाही.

त्याच सुमारास मुकादमाचा धाकटा भाऊ गेला. बरेच दिवस पावडरीच्या नादी लागला होता. घरातली भांडीसुद्धा विकली होती त्याने. बसस्टँडच्या मागे, मोकळ्या जागेत पडलेला सापडला. मुकादम काही दिवसांनी कामावर आला, दाढी वाढलेली, मस्करी बंद. वहिनी त्याला भेटायला गेली आणि दारातूनच परत आली. त्याच्या भावाने घेतलेली पावडर याच पेट्यांतली होती असं कोणी सिद्ध केलं नाही आणि करणारही नाही. पण नव्हती असंही कोणी छातीवर हात ठेवून सांगावं. घरी वहिनी ताटावरून उठून गेली. मलाही जेवण गेलं नाही. दादाने विचारलं काय झालं, तर आम्ही दोघींनी काही नाही म्हटलं.

पण वहिनीचं डोकं खरं फिरलं ते कुत्र्यांच्या आवारात. अधूनमधून तिथे सराव व्हायचा. रिकाम्या खोक्यांच्या रांगेत एकात पावडरीची पुडी लपवायची आणि भिंगरीला सोडायचं. त्या दिवशी मी डबा द्यायला गेले होते. भिंगरी बरोबर त्या खोक्यापाशी थांबली, शेपूट ताठ. पण बसली नाही. मान वर करून वहिनीच्या तोंडाकडे बघत राहिली. बसू का, असं विचारत असल्यासारखी. मागचे पाय थोडे वाकवले, पुन्हा सरळ केले आणि निघून गेली पुढच्या खोक्याकडे. वहिनी मातीतच खाली बसली.

"वन्सं, मी हिला लबाड केलं," ती म्हणाली. "आता ही नाकाचं ऐकत नाही, माझं तोंड वाचते."

त्यानंतर तिने भिंगरी आजारी असल्याचं कळवून टाकलं. खात्याच्या डॉक्टरनेही तिच्या धाकाने मान डोलावली. मग रोज आवारात दार लावून एकच उद्योग. पुडी लपवायची, भिंगरीला सोडायचं, आणि बसली की पोटभर टॉवेल. पहिले काही दिवस भिंगरी वहिनीच्या तोंडाकडेच बघायची. म्हणून वहिनी पाठ करून उभी राहू लागली. अशी पाठ करून ती तासन्‌तास उभी राहायची आणि मागे भिंगरी बसल्याची चाहूल लागली की वळून टॉवेल फेकायची. कधी कधी रडायची पण. मी पाहिलंय. शेवटी भिंगरी पुन्हा पहिल्यासारखी झाली. वास आला की बसायची, मग समोर कोणी का असेना.

इकडे जावयाचा माल शिक्क्यावाचून अडकून पडला होता. साहेबांचा निरोप आला, बास झालं आजारपण. वहिनी भिंगरीला घेऊन आली. जावईबापू खिशात हात घालून शटरजवळ उभे होते. साहेब त्यांच्या मागे. हमालांची नेहमीची ये-जा चाललेली. भिंगरी रांगेतून निघाली, तिसऱ्या-चौथ्या पेटीपाशी गेली आणि खाली बसली. इकडे नाही पाहिलं, तिकडे नाही पाहिलं.

"चला, चला पुढे," साहेब म्हणाले.

वहिनी जागची हलली नाही. तिने जावईबापूंकडे पाहिलं, मग मुकादमाकडे पाहिलं. मग कमरेचा टॉवेल काढला आणि सगळं गोदाम ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "शाब्बास गं माझी बाई, शाब्बास."

भिंगरीने टॉवेल धरला, दोघींची ओढाओढ सुरू झाली, आणि शटर धाडकन खाली आलं. हमालांनी डोक्यावरचा माल उतरवला. जावईबापूंनी पहिल्यांदाच खिशातून हात काढले आणि शटर कोणी पाडलं म्हणून विचारलं. मुकादम म्हणाला, नियम आहे साहेब, टॉवेल निघाला की शटर पडतं. आता काय बोलणार? जे गुपित त्यांनी वहिनीला खोलीत बोलावून सांगितलं होतं, ते भर गोदामात एवढ्या हमालांसमोर कसं सांगणार? गुप्त कामाची हीच तर पंचाईत. मी वही घेऊन बाहेर आले. पेटी उघडली. मशीनखालची फळी उचकटली तर खाली पावडरीच्या पुड्या रचून ठेवलेल्या. मुकादमाने पुड्या पाहिल्या, मग जावईबापूंकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं. तो शेजारच्या खोक्यावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

संध्याकाळच्या आत एक बंद गाडी येऊन पेट्या घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सगळीकडे हवा अशी, की पुड्या मशीनला गंज लागू नये म्हणून ठेवलेल्या कसल्याशा भुकटीच्या होत्या आणि कुत्रीच चुकली. पण कुत्री चुकली असं तिचा पट्टा धरणाऱ्या माणसाला लिहून द्यावं लागतं. ते वहिनीने द्यायचं होतं.

साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं. टाइप करायला मी होतेच. साहेबांनी गोड आवाज काढला. तुम्ही फक्त लिहून द्या की भिंगरीचं वय झालं, चुकीचे इशारे देते. मग ती कामातून बाद होईल आणि बाद झालेली कुत्री तुम्ही घरी नेऊ शकता. पेन्शनलाही धक्का लागणार नाही. नाही लिहिलं तर हुकूम मोडला म्हणून नोकरी जाईल, आणि भिंगरी सरकारी आहे, ती इथेच राहील, दुसऱ्या माणसाच्या हाताखाली. खोटं कशाला सांगू, मी मनातल्या मनात म्हणत होते, दे गं लिहून. एवढी वर्षं नियमामुळे तिला भिंगरीला एक दिवस घरी आणता आलं नव्हतं. ती कुत्री आमच्या दारात उन्हाला पसरली आहे आणि वहिनी तिच्याशी माझ्याशी बोलते त्याहून गोड बोलते आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. वहिनीच्याही राहिलं असणार. ती हातातला पट्टा बोटांना गुंडाळत होती.

मग जावईबापू बोलले. माणूस राक्षस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. डोळ्यांखाली काळं, आवाज थकलेला. त्यांनी सांगितलं, की या शेठच्या एका बातमीमुळे भर बाजारात फुटणारा बॉम्ब वेळेत सापडला होता.

"बाई, त्या बाजारात लेकरं होती," ते म्हणाले. "मला पण हा माणूस आवडत नाही. पण त्याच्यावाचून ती लेकरं गेली असती."

"असेल," वहिनी म्हणाली. "तुम्ही खोटं बोलताय असं मला वाटत नाही. मग हेच आमच्या मुकादमाला जाऊन सांगा. तुझा भाऊ गेला, त्याच्या बदल्यात बाजार वाचला म्हणावं. त्याला पटलं तर मी आत्ता लिहून देते."

जावईबापू म्हणाले, तो माल या शहरात विकला जात नाही, पुढे जातो.

"पुढे म्हणजे कुठे? तिथे माणसं राहत नाहीत?"

साहेबांनी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. वहिनीने तो उचलून माझ्या टाइपरायटरपाशी आणून ठेवला.

"लिहा वन्सं. भिंगरी बसली होती. बसली म्हणजे बसली. ती चुकली असं मी लिहून देणार नाही, नोकरी काय न्यायची ती न्या."

मी टाइप केलं. साहेब माझ्याकडे डोळे वटारून बघत होते, मी शेवटच्या टिंबापर्यंत टाइप केलं. तिने सही केली आणि पट्टा टेबलावर ठेवून निघून गेली. भिंगरीला भेटायची परवानगी मिळाली नाही. घरी येऊन ती दादाच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. आमच्या दादाला काय करावं ते सुचेना, तो तिच्या पाठीवर थापट्या मारत राहिला.

भिंगरीचा पट्टा धरायला दुसऱ्या बंदरावरून एक माणूस आला. वाईट नव्हता बिचारा, पण मान खाली घालून सांगितलेलं करणारा. त्याला ताकीद होती, की जावयाच्या मालापाशी टॉवेल काढायचा नाही. टॉवेल नाही तर शटर नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. आता पेट्यांवर दुसऱ्याच कोणाचं नाव असायचं, पण माल तोच. आम्हाला काय ओळखू येत नाही का?

रोज मी घरी आले की वहिनी चप्पल काढायच्या आत विचारायची, बसली का? मी सांगायची, बसली, त्याने ओढून नेलं. तिचा चेहरा उतरायचा. एकदा म्हणाली, आणखी थोडे दिवस बसेल, मग कंटाळून सोडून देईल. बक्षीसच मिळत नसेल तर बसेल कशाला? आणि त्यांना हेच हवंय. एवढं बोलून ती भाजी चिरायला लागली, पण सुरी नुसतीच हातात. नोकरी गेल्याचं तिला मी कधी बोलताना ऐकलं नाही. हेच तेवढं तिला खात होतं.

आणि मग परवाचा दिवस. पेट्या आल्या. भिंगरी रांगेतून गेली आणि बसली. जरा उशिरा बसली, अर्धवट बसली, पण बसली. त्या माणसाने पट्टा ओढला, "चल" म्हणाला. ती उठली, एक-दोन पावलं गेली, मागे वळून बघायला लागली. मुकादम साखळीपाशी उभा होता. त्याने खांद्यावरचा घामाने ओला टॉवेल ओढला, दोन वेढे देऊन गुंडाळला आणि तिच्यापुढे टाकला.

"शाब्बास गं बाई," तो म्हणाला.

भिंगरीने झडप घातली. मुकादम दुसरं टोक धरून ओढायला लागला. त्याचे हात गुंतलेले, म्हणून एका हमालाने जाऊन शटर पाडलं. बाकीच्यांनी माल खाली ठेवला. साहेब खोलीतून ओरडत आले, टॉवेल काढायचा अधिकार कोणाला आहे म्हणून. मी नियमाचं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं. टॉवेल निघाला की शटर पाडावं, एवढंच त्यात आहे. कोणाचा टॉवेल ते लिहिलेलं नाही. पट्टा धरणारा तो माणूस भिंतीला टेकून उभा होता, पण पट्टा त्याने सैल सोडला होता हे मी पाहिलं. पेटी उघडली. आत काय होतं ते आता सगळ्या गोदामाने पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं.

मी जवळजवळ पळतच घरी आले. वहिनीला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला मिठी तरी मारेल. ती कपाळाला आठ्या घालून ऐकत होती.

"कधी टाकला टॉवेल?" तिने विचारलं. "बसल्याबरोबर, की ओढून नेल्यावर?"

"ओढून नेल्यावर. एक-दोन पावलं गेली होती."

"मग चुकलं ते. तिला वाटेल उठल्याबद्दल मिळाला. मुकादमाला सांगा, बसली की त्याच क्षणी. आणि एकट्याच्या भरवशावर नको, तो रजेवर असला तर? सगळ्यांना शिकवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकेका हमालाला गाठून सांगितलं. बसल्याबरोबर टाकायचा, लगेच, विचार करत बसायचं नाही. कोणी हसलं नाही. दोघातिघांनी तिथेच टॉवेल गुंडाळून बघितला, घट्ट राहतो का ते. मग मी माझ्या खोलीत आले, पिशवीतून घरून आणलेला टॉवेल काढला, वहिनी गुंडाळायची तसा घट्ट गुंडाळला आणि टेबलावर ठेवला. खणात नाही. काचेतून साहेबांना दिसेल असा.